अग्नियानाच्या कॅप्टनविरुद्ध कट

३ डिसेंबर १९६३. अमरावती.
आमच्या 'अग्नियान' नाटकाचा शंभरावा प्रयोग पाच जानेवारीला. दर वर्षी नवा भाग, नवा ग्रह, नवे राक्षस. यानाचा कॅप्टन मात्र पहिल्यापासून एकच. मी. वकिली आपली फावल्या वेळात.
जानराव मास्तर (नाटक तेच लिहितात, तेच बसवतात, अधूनमधून कामही करतात) म्हणाले, शंभराव्याला आपण आपलीच टिंगल करू. पत्र्याचं यान, सुतळीवर लोंबणारे ग्रह लोकांनी इतकी वर्षं सोसले. एकदा त्यांना मोकळेपणानं हसू द्या. मी होकार दिला. मनात नोंद केली: कॅप्टन बदलायचा डाव दिसतो.
निश्चय: कोणावरही विश्वास नाही. पाठांतर उद्यापासून.

७ डिसेंबर.
काल अचलपूरला प्रयोग. धूमकेतूच्या प्रवेशात दोनदा अडलो. दोष सर्वस्वी प्रॉम्प्टर वामनरावांचा. बडनेऱ्याचा रिटायर्ड रेल्वेबाबू. शब्दही पॅसेंजरसारखाच लेट. कॉलर ओढत पुढे आलो, 'मुद्दा असा आहे' म्हणून वेळ मारून नेली, आणि वामनरावांना स्टेजवरूनच झापलं. पब्लिकलाही कळायला नको, चूक कोणाची ते? नंतर म्हणतात कसे, म्या त टायमावर देल्ला होता शब्द. वा रे वा!
शेवटच्या प्रवेशात मेलो तेव्हा टाळ्या पडल्या. उठून नमस्कार केला, पुन्हा मेलो.
परतताना एस.टी.त जानराव आणि पंजाबराव (राक्षसाची कामं करतो, घरची संत्र्याची बाग) मागच्या सीटवर खुसखुसत होते. मी वळून पाहिलं की संत्र्याच्या भावाचा विषय काढायचे.

१२ डिसेंबर.
पाठांतर नाही. घसा.
बायकोची उलटतपासणी घेतली. मंडळात माझ्याविषयी काय चाललंय? वच्छला म्हणाली, तुमाले काहून कोणी काही म्हणन? एवढं गोड ती कधी बोलत नाही. सामील?

१८ डिसेंबर.
तालीम. सगळा उलगडा झाला! उगाच घाबरलो होतो.
पंजाबरावला मंगळाच्या राजाचं नवं काम दिलंय. हा राजा राणीकडे पाठ करून पब्लिकशी प्रेमाचं बोलतो. अडला की कॉलर ओढतो, प्रॉम्प्टरला झापतो. मरतो, उठून नमस्कार करतो, परत मरतो. हुबेहूब जानराव! 'मुद्दा असा आहे' हेही म्हणतो. ते जानरावांनी माझ्याकडूनच उचललंय. आणि गंमत म्हणजे जानरावांना पत्ताच नाही, समोर बसून पोट धरून हसताहेत.
पंजाबरावला बाजूला घेऊन सांगितलं, नमस्कार तीनदा कर. तो चमकला. खरंच करू का वकीलसाहेब? मंग नाराज नका होजा. म्हटलं, मी कशाला होऊ? बिनधास्त कर.
घरी येऊन वच्छलाला नक्कल करून दाखवली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

२ जानेवारी १९६४.
शंभराव्याला माझा सत्कार, त्याचं भाषण पाठ. कॅप्टनचं काम राहिलंय, पण ते काय, अंगातच आहे.

६ जानेवारी.
काल राजा आला. एक शब्द बोलला नव्हता, नुसती कॉलर ओढली. मागून कोणीतरी ओरडलं, अबे, हे त आपले वकीलसाहेब हायेत! थिएटर कोसळलं. मी तरीही विंगेतल्या जानरावांकडेच पाहत होतो. तेवढ्यात माझं वाक्य आलं आणि मी अडलो. कॉलर ओढली. म्हटलं, मुद्दा असा आहे. शेजारी राजानंही ओढली, तेच म्हटलं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.
सत्कार झाला. भाषण आठवलं नाही.
घरी वच्छलावर ओरडलो, तुला ठाऊक होतं! म्हणाली, होतं. पण त्या दिवशी तालमीवरून तुमी इतके हसत आले. इतक्या वर्षांत असे हसले नव्हते. मले सांगवलंच नाही.
फार लागलं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

९ जानेवारी.
अकोल्याचं बोलावणं. हाच भाग हवा, पण राजा जास्त आणि कॅप्टन नको. असं का? जाहीर केलं, राजा मीच करणार. अस्सल माणूस हजर असताना नक्कल कशाला? जानराव लगेच हो म्हणाले. संशयास्पद.

१३ जानेवारी.
तालीम. कॉलर ओढायचं लक्षात राहीना. ओढली तेव्हा पंजाबराव म्हणाला, हा हात नोहे, दुसरा. तीनदा मेलो, कोणी हसलं नाही. शेवटी जानराव अगदी हळू म्हणाले, वकीलसाहेब, तुमाले तुमचं काम जमून नाही राहिलं.

१९ जानेवारी. अकोला.
राजा पुन्हा पंजाबराव. वामनरावांना ताप. प्रॉम्प्टिंगला मी, विंगेत स्टुलावर. पंजाबराव अडला. कॉलर ओढली, आणि भर स्टेजवरून मला झापलं. भूमिकेत होता की खरोखर चिडला होता, कळलं नाही. सगळं अकोला हसलं. पहिल्या रांगेत वच्छलासुद्धा.
मी शब्द टायमावर दिला होता.