डांबराचे बोळे

अण्णा, आज शेडमध्ये गिऱ्हाईक नाही, हवाही दमट आहे, आणि दमट हवेत मी गाडीला खालून लेप मारत नाही. म्हणून बसलो आहे लिहायला. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही, पण बापलेकांनी समोरासमोर बसून बोलायचं ही रीतच आपल्या घरात नव्हती. तुम्ही माझ्यापेक्षा बैलांशी जास्त बोलायचात, आणि खरं सांगायचं तर ते तुमचं ऐकायचेही जास्त. आज बोलतो आहे, कारण मला लाज वाटते आहे. तुमच्यामुळे नव्हे, तुमच्यापुढे.

तुम्हाला माहीत नाही, पण मी आता अंबडला रस्त्याकडेला शेड टाकली आहे. नव्या पिकअपच्या पोटाला गंज चढू नये म्हणून खालून काळा लेप मारून देतो. हो, तोच गंज. तुमची गाडी गंजानं खाल्ली आणि तुमच्या पोराचं घर आता त्याच गंजावर चाललं आहे. नवी गाडी घेतली की लोक काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. चाकाखाली लिंबं, पुढं हार, आरशाला गोंडे, मागं पोरांची नावं. बॉनेट तर इतकं पुसतात की त्यात बघून मिशी कोरून घ्यावी. खाली वाकून मात्र कुणी बघत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी सांगत असतो, बाबा, खताची पोती वाहिलीस की त्याच दिवशी गाडी खालून साध्या पाण्यानं धू, कारण खताचा कण पत्र्याला चिकटला की हवेतलं पाणी ओढत बसतो. नदीची ओली वाळू भरलीस तर रिकामी झाल्यावर हौदा झाड, उन्हात वाळू दे, ओलं गोणपाट अंथरून ठेवू नकोस. लेप मारायचा तो उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, आणि तोही गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर. कुठं गंजाचा ठिपका दिसला तर आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, लाल ऑक्साइड लावायचं. ओल्यावर लेप मारलास तर गंज आत कोंडला जातो आणि निवांत जेवत बसतो. आणि मुख्य म्हणजे दारांच्या खालच्या कडेला, पायाखालच्या पत्र्याला, चेसिसला कंपनीनं भोकं ठेवलेली असतात. ती पाणी निचरायला असतात. ती बुजवू नकोस, उलट अधूनमधून तार घालून मोकळी करत जा.

लोक मान हलवतात आणि काहीएक ऐकत नाहीत. उपदेश कुणाला आवडतो? गोष्ट मात्र सगळ्यांना आवडते. म्हणून मी गोष्ट सांगतो. 'शहागडकडं एक म्हातारा होता,' मी सुरू करतो, 'सारा जन्म बैलगाडीत गेल्ता, अन् घेतली पिकअप नवीकोरी. त्याला वाटलं, कंपनीवाल्यानं भोकाची गाडी देऊन आपल्याला बराबर फशिवलं!' मग मी धोतराचा सोगा खोचून गाडीखाली शिरायची नक्कल करतो. डांबरात बुडवलेले कापसाचे बोळे, एकेक बोळा अंगठ्यानं भोकात दाबणारा म्हातारा, नाकाला डांबर, मिशीला डांबर. तीन पावसाळ्यांत गाडीचं बूड गळून पडतं तिथं गिऱ्हाईक हसून हसून ठसकतं, आणि हसता हसता खाली वाकून आपल्या गाडीची भोकं शोधायला लागतं. माझी गोष्ट आता पक्की झाली आहे, अण्णा. जुनी गिऱ्हाइकं नव्यांना घेऊन येतात आणि म्हणतात, ते म्हाताऱ्याचं सांगा की.

त्या गोष्टीत काय नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. मी जालन्याच्या जिनिंगमध्ये दोन हंगाम काम केलं आणि कापसाचं तूस छातीत भरून घरी आलो. डॉक्टरनं दमा सांगितला, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच तुम्ही मला बजावलं होतं, "हे घरातल्या घरात ठिवायचं. दमा हाय म्हणल्यावर पोरगी कोन देतं?" वाटूरच्या पाहुण्यांशी नुकतीच बोलणी सुरू झाली होती. पिकअप तुम्ही त्याच उन्हाळ्यात घेतलीत. मोसंबी न्यायची, येताना खत आणायचं, मी चालवायची आणि तुम्ही शेजारी बसायचं. पोराला पुन्हा त्या तुसात जावं लागू नये, एवढाच तुमचा विचार होता. तो तुम्ही कधी बोलून दाखवला नाहीत, आणि मीही कधी विचारला नाही.

गावापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता तेव्हा नुसता फुफाटा होता. काचा वर केल्या तरी धूळ पायाखालून यायची. एक दुपार मला अजून दिसते. आपण अंबडहून खत भरून येतो आहोत. फुफाट्यात गाडी शिरते आणि मला उबळ येते. डोकं स्टेअरिंगवर टेकतं, गाडी एका बाभळीखाली कशीबशी थांबते. तुम्हाला पाणी द्यायचंही सुचत नाही. थकलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही नुसते बसून आहात. माझा श्वास जाग्यावर येईपर्यंत तुमची नजर पायाखालच्या चटईवर आहे, तिच्या कडेनं धूळ अजून वर येते आहे. "कुठून येऊन राह्यली ही?" एवढंच तुम्ही म्हणता. दुसऱ्या दिवशी हमरस्त्याच्या कामावरून तुम्ही डबाभर डांबर मागून आणलंत. कापूस घरचाच होता. आधी पायाखालची भोकं, मग दारांची, आणि आता राहू कशाला द्यायची म्हणून चेसिसचीसुद्धा तुम्ही बुजवलीत. माय ओरडत होती की धोतराचं वाटोळं झालं. त्यानंतर धूळ खरंच कमी झाली. न खोकता मी पहिल्यांदा शहागड गाठलं, तेव्हा तुम्ही खाली उतरून गाडीच्या दारावर थाप मारली होती. शाबासकी गाडीला होती की मला, ते कळलं नाही.

पुढं काय झालं ते आज मला पाठ आहे. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरत राहिलं, धुतल्याचं पाणी चेसिसच्या पोटात साठत राहिलं, खताची धूळ त्यात विरघळली, आणि बाहेर पडायला वाट कुठंच नव्हती. वरून गाडी झकास दिसत होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माझा पाय ब्रेकच्या शेजारी पत्र्यातून आरपार गेला. शहागडच्या गॅरेजवर मिस्त्री गाडीखाली शिरला आणि पेचकसानं त्यानं एक बोळा उपसला. काळं कुजकं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. "चाचा, ये किसने बंद करा? पानी का रस्ताच बंद कर दिया!" चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. त्यांत वाटूरची तीन वर्षं रेंगाळलेली सोयरीक जुळवणारा मध्यस्थही होता. त्यानंच विचारलं, "अण्णा, धुळीचं एवढं काय मनावर घेतलं? आपून तर धुळीतच जन्मलो." मी तुमच्या मागं उबळ दाबून उभा होतो. तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, "मलाच सोसत न्हाई आता धूळ. वय झालं." जन्मभर खळ्यावर उफणणी केलेला माणूस, आणि त्याला धूळ सोसत नाही! लोक हसले. मिस्त्री हसला. तुम्हीही हसलात, आणि माझ्या आठवणीत तुमचंच हसू सगळ्यांत मोठं आहे.

वाटूरची सोयरीक झाली, गाडी भंगारात गेली, आणि तुमचं नाव 'डांबरवाले अण्णा' पडलं. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी त्यावरून चेष्टा केली. माय चिडायची, खरं काय ते सांगून टाका म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "हसतील त्यांचे दात दिसतील." माझा दमा बायकोपासून काही फार दिवस लपला नाही. ती रागावली, माहेरी जाईन म्हणाली, आणि मग तिनंच अडुळशाचा काढा सुरू केला. म्हणजे झाकून ठेवायचं कारण तेव्हाच संपलं होतं. त्यानंतर टपरीवर उभं राहून दोन वाक्यं बोलायला मला कुणाचीही आडकाठी नव्हती. तुम्ही मात्र डांबरवाले म्हणूनच गेलात, आणि मी पुढं त्याचाच धंदा केला.

मागच्या महिन्यात माय डोळे दाखवायला अंबडला आली होती. तिला शेडमध्ये गाड्यांच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यांच्या ढिगावर गोणपाट टाकून बसवलं होतं. तेवढ्यात दोघं भाऊ नवी पिकअप घेऊन आले आणि मी सवयीनं सुरू झालो. डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे तिला धड दिसत नव्हतं, ती नुसती ऐकत होती. ती बसली आहे हे विसरलो, असं म्हणणार नाही. मला वाटलं तिच्या लक्षात येणार नाही, कारण गोष्टीत मी नाव कधी घेत नाही. मिशीच्या डांबरापाशी भाऊ खो-खो हसले. ते गेल्यावर पदरानं डोळे टिपत माय म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला पोरगं न्हवतं का रं?" मी हातातलं फडकं झटकत राहिलो. एसटीत बसवून दिलं तेव्हा "येळेवर जेवत जाय" एवढंच म्हणाली. तिनं चारचौघांत मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी गोष्ट बंद केली आणि नुसता उपदेश करायला लागलो. परवा त्यातलीच एक गाडी परत आली, तिच्या दारांची भोकं साबणाच्या वडीनं बुजवलेली. मालक म्हणाला, "काय करता, धूळ लई येती हो!" अण्णा, आधी मला त्याच्यावर हात उगारावासा वाटला, आणि पाठोपाठ त्याला चहा पाजावासा वाटला. चहाच पाजला. तो गेल्यावर मी ठरवलं, गोष्ट सांगितल्याशिवाय चालणार नाही, पण सांगायची तर पुरी सांगायची.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही हे उघडच आहे. मायला तरी वाचून दाखवावा असं लिहायला बसताना मनात होतं, पण तेही आता करणार नाही. काल जे झालं ते तिला ऐकवण्यासारखं नाही. काल शहागडकडचा एक ड्रायव्हर आला, दोन पोरांचा बाप, गाडीवरचा हार अजून वाळायचा होता. मी त्याला सगळं सांगितलं. नक्कल केली नाही. म्हाताऱ्याच्या पोराला दमा होता म्हणून त्यानं धूळ अडवली, पोराचं लग्न मोडू नये म्हणून लोकांना स्वतःवर हसू दिलं, आणि गाडी गेली ती गेली, पण तोवर पोराला श्वास पुरला, असं सांगितलं. ड्रायव्हर हसला नाही. उकिडवा बसून त्यानं दाराखालची भोकं एकेक करून बोटानं चाचपली. मग उठता उठता त्यानं विचारलं, "मंग त्या पोराचं काय झालं, मालक?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी ब्रश डब्यात बुडवला आणि म्हणालो, "असंल कुठंतरी."