चार बोटं मागे

सर, तुमचा कॅमेरा आता माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही हरकत घ्याल असं वाटत नाही, पण तुमचा काही भरवसा नाही. काकू नारायण पेठेतली तुमची जागा सोडून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तूच ने गं. ह्याचं कौतुक असणारं आता कोणी उरलं नाही." डब्यात तुमचा तो जपानी कॅमेरा, त्याची नेहमीची लेन्स, आणि तळाशी जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली ती टेलिफोटो. तिला हात लावायला मला दोन दिवस लागले. एकतीस वर्षांपूर्वी मी ती तुमच्या काउंटरवर आदळून चालती झाले होते, विसरला नसाल.

एकोणिसाव्या वर्षी तुमच्या स्टुडिओत लागले तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होतात, "ठेवून घेतो, पण मुलगी आहे म्हणून लाड होणार नाहीत." तो शब्द मात्र तुम्ही पाळलात. पहिलं वर्ष मी प्रिंट धुतले, दुसरं वर्ष कडा कापल्या, तिसऱ्या वर्षी तुम्ही तो कॅमेरा हातात दिलात. त्याच्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या, एक ठळक, एक फिकट. रिंग फिरवत फिकट प्रतिमा ठळक प्रतिमेवर आणायची, दोन्ही एक झाल्या की फोकस लागला. तुम्ही मागे उभे. "डोळ्यांवर आण. नाकावर नको. माणूस नाकाने बघत नाही." मी हसले तर म्हणालात, "हसायचं काम गिऱ्हाइकाचं, आपलं नाही." अजूनही कोणाशी बोलताना माझी नजर आधी त्याच्या डोळ्यांवर जाते, ही तुमचीच कृपा.

आणि तो तुमचा नियम. नवी लेन्स आली, दुरुस्तीहून परत आली, कोणाकडून उसनी आणली, तरी आधी एक रोल भिंतीवर. भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवायचं, एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा ॲपर्चर, म्हणजे लेन्सची बाहुली, पूर्ण उघडं ठेवून. रोल धुऊन बघितल्याशिवाय लेन्स गिऱ्हाइकासमोर न्यायची नाही. हे तुम्ही दिवसातून दहादा ऐकवायचात. मला आता विचारायचं आहे, जी लेन्स तुम्ही मला दिलीत, तिचा रोल तुम्ही का नाही काढलात? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खंडेनवमीला दुकानातले सगळे कॅमेरे पाटावर मांडलेले असायचे. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, आणि तुमची ओरड, "काचेला कुंकू लागलं तर बोटं तोडीन." त्या वर्षी पूजा झाली आणि तुम्ही पाटावरून ती टेलिफोटो उचलून माझ्या हातात ठेवलीत. परदेशातून परतलेल्या कोणा इंजिनिअरच्या घरून आणली होतीत, जर्मन घडणीची. कॅमेऱ्यावर लावून फिरवली तर अशी टच्च बसली, की जन्मापासून तिथलीच. "ही तुझी," म्हणालात. बस, एवढंच. मी पाया पडले तर चिडलात. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, उडत गेले म्हणा ना.

पुढच्याच आठवड्यात शनिवार पेठेतल्या एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तुम्हाला ताप होता, म्हणून तुम्ही मला एकटीला पाठवलंत. माझं पहिलं स्वतंत्र काम. देवापुढे आणि निरांजनापुढे फ्लॅश मारायचा नाही, आणि विधी चालू असताना मध्ये कडमडायचं नाही, हे तुमचे दंडक. म्हणून टेलिफोटो, लांबूनच चेहरा जवळ आणणारी. मी सहा-सात फुटांवर खांबाला टेकून उभी आहे. आजींच्या पुढे एक्क्याऐंशी दिवे, सुना ओवाळतायत, आजी मान वर करून बघतायत आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसता उजेड आहे. मी फिकट प्रतिमा ठळकवर आणते, डोळ्यांवर, आणि बटण दाबते. छत्तीस वेळा दाबते. आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटायचा माझ्या आयुष्यातला तो एकच तास, सर.

रोल तुम्हीच धुतलात. तिसऱ्या दिवशी आजींचा मुलगा दुकानात आला, अजून दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, आणि तुम्ही सगळे प्रिंट काउंटरवर पसरलेत. आजींच्या कानातल्या कुड्या लख्ख, त्यातला एकेक मोती मोजून घ्यावा. डोळे मात्र धूसर. छत्तीसच्या छत्तीस. त्या मुलाने एकेक प्रिंट उचलून बघितला आणि परत खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "कुड्यांचे फोटो छान आलेत. सराफकट्ट्यावर लागेल तुला नोकरी." बाकावरची माणसं हसली. मग माझ्याकडे बघून, "डोळे तपासून घे. नाहीतर पोळ्या लाट, त्याला फोकस लागत नाही." आणि त्या मुलाला, हात जोडून, "चूक हिची नाही हो, माझीच. मीच हिच्या हातात कॅमेरा दिला." मी लेन्स काढली, काउंटरवर आदळली आणि बाहेर पडले.

डोळे मी खरंच तपासले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत, कोणी सांगितलं तुम्हाला? म्हणजे दोष डोळ्यांत नाही, माझ्यातच आहे, असं मी मनाशी पक्कं केलं. विमा कंपनीत चिकटले, अठ्ठावीस वर्षं कागद पुढे सरकवले. भाचरांच्या लग्नात कोणी मोबाइल पुढे केला तरी मी म्हणायचे, "मला नाही गं जमत." त्या आजी संक्रांतीनंतर गेल्या. त्यांच्या फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावला, हे मला आईकडून कळलं. ते मी इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरतेय.

मधे एकदा मंडईत भेटलात. मी मटार निवडत होते. पाठीमागून आवाज आला, "डोळे कसे आहेत?" वळून बघितलं तर तुम्ही, हातात पिशवी, जरा वाकलेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांनीही टोमणाच? "उत्तम," म्हणाले आणि मटारात तोंड घातलं. तुम्ही तिथेच उभे होतात. काकडीवाल्याने तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा हललात.

आता नोकरी सुटली, कॅमेरा घरी आला, आणि मेली ती खाज परत सुटली. पण टेलिफोटोच्या आत बुरशीची जाळी झाली होती, म्हणून दुसरी घ्यावी म्हटलं. इंटरनेटवर बघून तीन लेन्स निवडल्या, त्यांच्या माहितीचे कागद काढले आणि मंडईमागच्या बोळात एक जुने कॅमेरा-दुरुस्तीवाले बसतात, त्यांच्याकडे गेले. मूळचे मांजरी गावचे, वय सत्तरीपुढे, डोळ्याला भिंग लावून कागद वाचले. पहिला बाजूला ठेवला. "ही नको." दुसरा. "ही त्याच घराण्यातली, हीबी नको." तिसऱ्यावर मान हलवली. "हिचं माप जुळतंय, पण फोटोत किती मावंल ते दावणारी हिची चौकट ह्या क्यामेऱ्याच्या खिडकीत न्हाई. वरनं येगळी खिडकी लावावी लागंल." मी म्हटलं, पहिलीत काय वाईट आहे? माझ्याकडे तशीच आहे, टच्च बसते. पिशवीतून कॅमेरा आणि टेलिफोटो काढून दिली. त्यांनी लेन्स लावली, फिरवली, काढली.

"ताई, बसती म्हणून चालती असं नसतंय. बसायची खाच येकच हाय, रिंगेची चाल येगळी हाय. लांबचं बघा, डोंगर, उसाचा फड, इमारत, झ्याक येतंय. जवळ आलं की चुकतंय. खिडकीत दोन्ही चित्रं येक दिसत्यात, आन् फिल्मवर फोकस जातोय मागं. त्यात उजेड कमी म्हणून ॲपर्चर उघडं ठिवलं की संपलंच. लय जणांनी खाल्लीय ही चूक. क्यामेऱ्याच्याच घरची घ्या, मी शोधून देतो."

सर, मी त्या बोळात उभी राहून रडले. त्रेपन्न वर्षांची बाई, बाजूला चहावाला बघतोय. ते बिचारे म्हणत होते, "आवो, मिळंल की लेन्स, त्यात काय एवढं."

घरी येऊन डबा उपसला. मफलरच्या घडीत एक पाकीट होतं, निगेटिव्ह ठेवायचं. त्यावर तुमचं ते मुंग्यांसारखं अक्षर: "जवळ चार बोटं मागे. लांब ठीक. जोडी नाही." खाली तारीख. मी दुकान सोडलं त्यानंतरच्या नवव्या दिवसाची. आत सहा निगेटिव्ह. खिडकीशी उजेडात धरल्या तर एक बाई खुर्चीत बसलेली, समोर निरांजन, कानात कुड्या, त्याच तेवढ्या रेखीव. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हो गं, एकदा भर दुपारी दुकानात बोलावलं होतं. कुड्या घालून ये म्हणाले. मला वाटलं, आज कुठून सूर्य उगवला, माझा फोटो काढतायत! नंतर विचारलं तर म्हणाले, नीट आला नाही." मग म्हणाल्या, "दाखवलाच नाही कधी."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. नवव्या दिवशी. माझं घर तुमच्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर होतं. पंधरा वर्षं तुम्ही त्यानंतर जगलात. दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असतीत तरी माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पाच दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तुमच्या फोटोपुढे उभं राहून घालाव्यात म्हणून काकूंकडे निघालेही होते. तुम्हाला ताठा प्यारा होता, सर. माझ्यापेक्षाही, त्या आजींपेक्षाही.

हे सगळं खरं आहे आणि ते मी मागे घेत नाही. पण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहायची टाळली. त्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घ्यायला आले तेव्हा तुम्ही घोंगडी पांघरून बसला होतात. विचारलंत, "भिंतीवर रोल काढलास?" मी म्हटलं, "हो." "जवळून?" "जवळूनही. छान आलाय, सर."

मी एकही फोटो काढला नव्हता. गच्चीवरून पर्वती तेवढी बघितली होती, खिडकीतून, रिकाम्या कॅमेऱ्याने. पाटावरून उचलून तुम्ही दिलेली वस्तू, तिची परीक्षा कशी घ्यायची, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा केला. म्हणून तुम्ही दोष लेन्समध्ये शोधला नाहीत, माझ्या डोळ्यांत शोधलात, कारण लेन्स ठीक आहे हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. आणि नवव्या दिवशी काकूंच्या कुड्या लख्ख आलेल्या बघितल्यात, तेव्हा मी खोटं बोलले होते हेही तुम्हाला कळलं असणारच. पाकिटावर लेन्सबद्दल लिहिलंत. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मंडईत विचारलंत तेवढंच.

नवी लेन्स काल आली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आहे. कॅमेऱ्यात रोल अजून भरलेला नाही.