इरपगुंड्याची एकोणीस घरे आणि माझे उरलेले अर्धे घर

मी, रामाजी डोमाजी निमगडे, वय वर्षे साठ, पेन्शनर पटवारी, राहणार आलापल्ली, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी तीन प्रश्न विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्यात त्यांचीच तारीख चुकली. माझ्यावर दाब कोणाचा नाही. हृदयाने मात्र यंदा दोनदा झटका दाखवला, म्हणून ही घाई.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास अक्षर तपासावे. माझ्या अक्षराची नक्कल करणे सोपे नाही, मलाच ते कधी कधी लागत नाही.

कलम २. आलापल्लीतील घर. यातील मागचे अर्धे मी या दिवाळीतच मोडले आहे. उरलेले समोरचे अर्धे मी जगलो तर मीच मोडीन. न जगल्यास माझा मुलगा श्रीहरी याने ते मोडावे आणि आडे, खांब, फाटे व छपरावरचे कवेलू बैलगाड्यांवर घालून इरपगुंड्याला पोचवावेत. सागवान सरकारी डेपोतून घेतलेले आहे, पावत्या लोखंडी पेटीत आहेत. वाहतूक पासाशिवाय गाडी हलवू नये. जंगलखात्याचा माणूस नाक्यावर चहा प्यायला बोलावील. चहा प्यावा, पावती हातातून सोडू नये.

घर का मोडतो हे नोंदवणे भाग आहे, नाहीतर म्हाताऱ्याला वेड लागले होते असे माझे मेहुणे देवाजी गावभर सांगतील. तसे ते आत्ताही सांगतातच.

इरपगुंडा हे एकोणीस घरांचे माडिया लोकांचे गाव माझ्या साझ्यात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, होते. सन १९८३ मध्ये त्या जंगलात नक्षलवादी आणि पोलीस यांची लढाई सुरू झाली. दोन्हीकडे बंदुका, मध्ये गाव. घरे जळाली, लोक डोंगरात पळाले. पुढच्या फेब्रुवारीत मी पीकपाहणीला निघालो. खरे सांगतो, भीती वाटत होती. अलीकडच्या नाल्यावर बसलो आणि कोतवाल वारलूला विचारले, "धूर दिसते का रे?"

"नाई दिसत, भाऊ."

तेवढ्यावर मी मांडीवर दप्तर ठेवून लिहिले : गाव उजाड, वस्ती नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत धुरावरून वस्ती मोजायची आम्हा पटवाऱ्यांची सवयच. नाला ओलांडला असता तर शेणाने सारवलेले ताजे खळे दिसले असते. लोक दिवसा पाळीपाळीने येऊन धान झोडत होते आणि बंदुकांच्या भीतीने चूल पेटवत नव्हते. म्हणून धूर नव्हता.

माझ्या एका ओळीने शाळेचा मास्तर बदलून गेला, रेशन बंद झाले. लढाई जरा निवली तेव्हा लोक परत यायला निघाले, तर कचेरीत सांगितले, असे गावच नाही. मग कोणी सोयऱ्यांकडे गेले, कोणी बांबूच्या कामावर झोपडी घालून राहिले.

रिटायर झाल्यावर एके दुपारी मी जेवत होतो. सोमारीबाई, इरपगुंड्यातली एक विधवा, दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "या बाई, बसा."

"बसाले नाई आली. पटवारी, गाव नाई म्हून तूच लिहिलं ना? आमाले पुसलं काऊन नाई?"

मी ताट बाजूला सारले. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतलेला मी माणूस. कोणी आपल्याला कागदावर वाटेल तसे लिहिले की काय भोगावे लागते, हे माझ्या बापजाद्यांना विचारा. आणि मीच ते दुसऱ्याच्या बाबतीत केले! त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात वाटली नव्हती.

मी अर्जांचा मारा सुरू केला. अखेर एक तरुण साहेब पंचनाम्याला आला. म्हणाला, वहिवाटीचा पुरावा दाखवा. कागद जळालेले, घरांची राख. तेव्हा सोमारीबाई त्याला गावाबाहेर घेऊन गेली. माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. असे त्रेचाळीस दगड तिथे उभे होते. ती एकेका दगडावर हात ठेवून सांगत गेली, हा कोणाचा, कशाने गेला, त्याचे शेत कोणते, आता ते कोण वाहतो. चौथ्या दगडाला साहेबाने टोपी काढली, अकराव्याला तो खाली बसला, तिसाव्याला पेनातली शाई संपली आणि त्याने माझे पेन घेतले. ते पेन त्याने अजून परत केलेले नाही. मी माफ करतो.

हुकूम झाला : येत्या मार्चअखेर जितकी घरे उभी राहून माणसे नांदतील, तितकी नावे सरकारी यादीत गावाखाली लागतील. अकरा घरे उभी आहेत, आठ बाकी. नवे लाकूड मिळायला परवानगीची वाट पाहायची तर मार्च निघून जाईल. माझे लाकूड पावतीसह तयार आहे. एवढेच गणित.

कलम ३. घराखालची मोकळी जागा व बँकेतील शिल्लक श्रीहरीची. तो गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात आहे, कंपनीचा क्वार्टर आहे, उघड्यावर पडणार नाही. पहिल्यांदा म्हणाला, "बाबा, लोकं हासून राह्यले. डोक्यावर छप्पर तरी ठेवा." दिवाळीच्या सुटीत आला, दोन दिवस तोंड फुगवून बसला आणि तिसऱ्या दिवशी न सांगता वर चढून कवेलू उतरवू लागला. एकही फुटू दिले नाही. पोरा, मला तुझा अभिमान आहे. तोंडाने बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ४. मेहुणे देवाजी यांनी माझी बैलगाडी नेऊन मोडका आस परत आणला होता. तो आस त्यांना देत आहे.

कलम ५. कोतवाल वारलू साक्षीला आहे, म्हणून त्याला काही देत नाही. माझी छत्री त्याने आधीच नेलेली आहे.

कलम ६. घराचे पुढचे सागवानी दार, चौकटीसकट, सोमारीबाईस.

कलम ६ रद्द. कारण खालीलप्रमाणे.

हे वाचून दाखवत असताना सोमारीबाई हजर होती. दुसरा साक्षीदार ऐन वेळी आला नाही. ती म्हणाली, मी अंगठा देते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये. दार हातचे जाईल."

"जाऊ दे. दाराले बांबूची तट्टी बांधीन मी. हा कागद सरकारात जाते ना?"

"हो, रजिस्टर होईल."

"मंग माह्या नावापुढं माहा गाव लिही."

साक्षीदारांच्या ओळी वकीलसाहेब लिहायला बसले होते, त्यांनी पेन थांबवले. म्हणाले, "बाईचे घर अजून झाले नाही. ती बांबूच्या कामावर राहते. आणि इरपगुंडा सध्या यादीत नाही."

मी त्यांच्या हातून पेन घेतले. म्हणून साक्षीदारांच्या खालच्या दोन्ही ओळीही माझ्याच अक्षरात आहेत.

ठिकाण आलापल्ली, दिनांक २० नोव्हेंबर १९८८.

सही : रामाजी डोमाजी निमगडे

साक्षीदार :

वारलू इतवारी आत्राम, कोतवाल, राहणार आलापल्ली. (सही)

सोमारी चैतू पुंगाटी, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती, राहणार इरपगुंडा. (डाव्या हाताचा अंगठा)