फोटोत न आलेले पाय

मावशी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. अक्षर अजून तसंच हाय, उंदीर पळाल्यासारखं. इथं मस्कतला गोदामात सिमेंटच्या गोण्या उचलतो. त्याआधी कितीतरी कामं धरली अन् सोडली. एका जागी बूड टेकत नाय याचं, असं म्हणायचात, ते खरंच.

फोटोचा दिवस डोक्यातून जात नाय. परदेशातले चर्चवाले आपल्या आश्रमातल्या एकेका पोराचा खर्च बघायचे, त्यांना दरसाल आमचा फोटो जायचा. चांगला शर्ट एकच, निळ्या चौकडीचा. एकानं काढला की दुसऱ्यानं घालायचा, फोटो कमरेपर्यंत. मग तिकडच्या एका म्हातारीनं विचारलं, सगळ्या पोरांना एकच शर्ट कसा? तुम्ही पोट धरून हसलात, मग म्हणालात, "यंदा शर्ट नाही. जसे आहात तसे उभे राहा, पूर्ण." मी सुरगाण्याहून नवीन आलेला, अनवाणी, टाचांना भेगा. स्टुडिओतल्या कुंडीमागं पाय लपवले. तुम्ही सगळ्यांसमोर कुंडी सरकवलीत. "पाय काय चोरून आणलेस का रे?" पोरं हसतायत, स्टुडिओवाला हसतोय, मी रडतोय. तो राग मी आठवीत पळून गेलो तरी सोडला नाय.

मागच्या महिन्यात आश्रमातल्या नव्या बाईंचा फोन आला. जेवणाच्या खोलीत तुमच्या फोटोशेजारी इथून मोठ्या झालेल्या पोरांचे फोटो लावायचेत, तुझा पाठव. मी सुपरवायझरचा पांढरा शर्ट मागून घातला, त्याच्याच गाडीला टेकलो. दोस्तानं मोबाईल धरला. "पूरा लूं?" मी म्हणालो, "कमर तक."

काल बाईंच्या फोनवरून एक पोरगा बोलला. "दादा, मी पण सुरगाण्याचा. जेवायच्या आधी प्रार्थनेत आम्ही तुमचं नाव घेतो. मोठा झालो की मला न्याल ना तिकडं? अन् दादा, तुमचे बूट कोणते? फोटोत दिसत नाय."

काळे, म्हणालो. नेतो, असंपण म्हणालो.

आज त्याला खरं सांगायला फोन हातात घेतला होता. लावला नाय. तुम्हाला लिहीत बसलो, कारण तुम्ही वाचणार नाय. बूट नव्हते, मावशी. चप्पल होती, पट्टा तारेनं बांधलेला.