उसनं कारण

बाबा,

हॉलंडवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जर्मनीवरचा थोडा ओसरला आहे. ऑस्ट्रेलियाचं मात्र काही खरं नाही. त्यांची मॅच लागली की मी आजही समोरच्या टीमकडून असते, मग समोर कोणी का असेना. घरातले हसतात, नातवाला वाटतं आजीचं वय झालं. त्याला कसं सांगू, की मंगरूळच्या आपल्या घरात टीम नावडती ठेवण्याचीसुद्धा एक रीत होती आणि ती तुम्ही घालून दिली होती. कुठल्याही टीमचा राग करायला मोकळीक, पण कारण द्यावं लागायचं, आणि ते स्वतःचं असावं लागायचं. बाजारात ऐकलेलं, मैत्रिणीनं सांगितलेलं, पेपरात आलेलं चालायचं नाही. "उसनं कारण नोको सांगू," तुम्ही म्हणायचात. "उसनी साखर चालते, कारण नाही चालत."

गुरांच्या दवाखान्यात तुम्ही परिचर होता. बैलाच्या खुराला औषध लावायचं, म्हशीला खोड्यात धरून ठेवायचं, डॉक्टरसाहेबांच्या हातात हवं ते द्यायचं. काम सगळं शेणामुतातलं, आणि अंगात रोज पांढराशुभ्र, इस्त्रीचा सदरा. आई तो धुताना रोज बोलायची, "काम गोठ्यातलं अन् कपडे कलेक्टरचे!" तुम्ही साहेबांच्या आधी, कंपाउंडरच्याही आधी जाऊन दवाखाना उघडायचात. त्या वयात मला वाटायचं, तुम्हाला नटण्याची हौस आहे. तशी ती थोडी होतीच म्हणा, केसाला खोबरेल लावल्याशिवाय तुम्ही दारातसुद्धा उभे राहत नव्हता.

हॉकी तुम्हाला लागली कामठीच्या छावणीत. लग्नाआधी तुम्ही तिथं घोड्यांच्या पागेत कामाला होता, आणि संध्याकाळी फौजी लोकांचा खेळ बघत कुंपणाला टेकून उभे राहायचात. मंगरूळला बदली झाली तेव्हा मैदान गेलं आणि रेडिओ उरला. तोही आपला नव्हे. दवाखान्यासमोर, रस्ता ओलांडला की सायकलवाल्या चाचांचं दुकान होतं. पंक्चरचं घमेलं, भाड्याच्या सायकली, आणि वर फळीवर कातडी कव्हरातला त्यांचा रेडिओ. तो पुसायला चाचांनी वेगळं फडकं ठेवलं होतं, त्याला ग्रीसचं बोट लागू द्यायचे नाहीत. मॅच असली की दुकानापुढं बाजारातली माणसं जमायची आणि त्या सगळ्या पुरुषांत तुम्ही मला शेजारी बसवून घ्यायचात. कोणी नाक मुरडलं तर त्याला विचारायचात, "तिले पेनल्टी कॉर्नर समजते. तुले समजते का?"

तुमची कारणं मला अजून तोंडपाठ आहेत. जर्मनी आवडत नाही, कारण ते लोक हसत नाहीत. मी म्हटलं, रेडिओवर हसणं कसं दिसतं तुम्हाला? तर म्हणालात, "गोल झाल्यावर त्यायचे लोक कसे ओरडतात ऐक. हिशेब जुळल्यावानी." ऑस्ट्रेलिया आवडत नाही, कारण "एवढा मोठा देश, माणसं थोडकी, जमीन पडीक पडून हाये, अन् तरी आमच्याच डीत घुसून राह्यले." गोलापुढच्या त्या डीएवढीसुद्धा जमीन आपल्या नावावर नव्हती, म्हणून आईला या कारणाचं फार हसू यायचं. आणि हॉलंड. हॉलंडचं कारण आपल्या दोघांचं एकच होतं, कारण त्या दिवशी दोघंही चाचांच्या दुकानात होतो. वर्ल्ड कपची फायनल, आपण दोन गोलांनी पुढं, आणि तुम्ही शेजारच्या हॉटेलात ओरडून सगळ्यांसाठी चहा सांगितलात. पोरगा चहा घेऊन आला तोवर त्यांनी बरोबरी केली होती. मग पेनल्टी स्ट्रोक, आणि हरलो. कप तसेच ओळीनं फळकुटावर राहिले, साय धरून. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "त्यायनं माहा चहा थंडा केला." कपापेक्षा चहाचं दुःख तुम्हाला जास्त होतं असं आई पुढं कितीतरी दिवस सांगत होती.

पाकिस्तानबद्दल मात्र तुम्ही कारण सांगत नव्हता. नावडती टीम होती एवढं नक्की. त्यांच्या मॅचच्या दिवशी तुम्ही सकाळपासून गप्प. मी माझं कारण सांगितलं होतं, की ते सगळ्यांनाच आवडत नाहीत. बांगलादेशच्या लढाईला फार दिवस झाले नव्हते, गावात लहान पोरंही तेच बोलायची. तुम्ही मान हलवली. "हे बाजारातून आणलं व पोरी. घरचं सांग." मला घरचं सापडेना. तुमचं विचारलं तर म्हणालात, "सांगीन कधीतरी."

हॉलंडनं चहा थंड केला त्याच स्पर्धेत, फायनलच्या आधी, आपण पाकिस्तानला हरवलं होतं. तीही मॅच चाचांच्या दुकानातच ऐकली. आपला गोल झाला तेव्हा चाचा एका चाकातली तार घट्ट करत होते, हात ग्रीसचे. त्यांनी मान वर करून नुसतं हसून पाहिलं. धान्याच्या अडत्याचा मुलगा मोठ्यानं म्हणाला, "काय चाचा, आज हातात जोर नाही का?" माणसं हसली. वाईट हसणं नव्हतं ते, रोजचंच. चाचांनी पाना खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मग मॅच संपेपर्यंत, आपल्या लोकांनी नुसता बॉल अडवला तरी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळी चाचांची. ते चाक तसंच पडून राहिलं. तुम्ही त्या दिवशी मॅच जिंकूनही घरी गप्प आलात.

पुढचा वर्ल्ड कप मलेशियात झाला. माझी मॅट्रिक तोंडावर होती, तरी सेमीफायनल मी पुस्तक मांडीवर ठेवून दुकानात ऐकली. हरता हरता जिंकलो. फायनल पाकिस्तानशी पडली. त्या दुपारी मी दवाखान्यात तुम्हाला बोलवायला आले तर समोर दुकानाला कुलूप. माणसं जमून चुळबुळत होती. कोणीतरी म्हणालं, "आजच बरोबर बंद!" दुसऱ्यानं म्हटलं, "आज कसं उघडील?" पुन्हा हसणं झालं. तुम्ही फिनेलच्या पाण्यात हात धुतले, साहेबांना सांगितलंत आणि दर्ग्याकडच्या गल्लीत शिरलात. मी मागोमाग.

चाचा अंगणात बसून चाक सरळ करत होते.

"तब्येत ठीक नाही, भाऊ," तुम्ही काही विचारायच्या आतच ते म्हणाले.

"तब्येत बिघडली तं चाक काहून घरी आणलं?"

ते आत जाऊन रेडिओ घेऊन आले, कव्हरासकट. "तुमी घेऊन जा. लोकायले ऐकू द्या. मी नाही येत."

"मी रेडिओ न्याले नाही आलो. तुले न्याले आलो."

"दुकानात नाही बसत आज. सच्ची सांगतो."

"दुकानात कोण म्हणून राह्यलं? बाजारात काय एकच रेडिओ हाये? हॉटेलात ऐकतीन ते. तू माह्या घरी चल. सैपाकघरात बसू."

चाचांनी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि चपला घातल्या.

ते स्वैपाकघर मला आत्ता डोळ्यांपुढं दिसतंय. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे. पिठाच्या डब्यावर रेडिओ, वर बुद्धाची तसबीर, मागचं दार तुम्ही लोटून घेतलं आहे. चाचा पाटावर बसले आहेत, अंग आकसून. त्यांना जागा द्यायला मी उंबऱ्यावर. आई म्हणते, "बावीस जण एका चेंडूच्या मागं धावून राह्यले अन् घाम तुमाले येऊन राह्यला," आणि चाचा पहिल्यांदा हसतात. मग कॉमेंट्रीवाल्याचा आवाज चढतो, बॉल पाकिस्तानच्या एकाकडून दुसऱ्याकडं जातो आणि गोल होतो. त्यांचा.

"क्या पास दिया, वाह!" चाचांच्या तोंडून निघून गेलं.

आणि ते थिजले. हात तोंडाशी गेला. आईचा हात भाकरीवर थांबला. चाचा दाराकडं बघत होते, लोटलेल्या दाराकडं. मला तर वाटलं आता काहीतरी होणार. तुम्ही म्हणालात, "पासच तसा होता. मी म्हणणारच होतो, तू आधी म्हटलं." मग खाली सांडलेल्या पिठात बोटानं रेघ ओढून विचारलंत, "इथून देला असन, नाही?" चाचांनी पाहिलं, मान हलवली, आणि स्वतःचं बोट पिठात ठेवून रेघ जरा तिरपी केली. ग्रीसनं काळं झालेलं ते बोट पिठात टेकलेलं मला अजून दिसतं.

आपण बरोबरी केली तेव्हा चाचा ताडकन उठले आणि टाळ्या वाजवायला लागले, दुकानातल्यासारख्या, तोंड दाराकडं करून. तुम्ही त्यांचा हात धरून खाली बसवलंत. "हळू, भाई. इथं कोणी पाहून नाही राह्यलं."

ते बसले. बराच वेळ तुम्ही त्यांचा हात सोडला नाहीत. पुढं आपला दुसरा गोल झाला. बॉल खांबाला लागून परत आला म्हणे, अंपायरनं गोल दिला, आणि समोरचे हुज्जत घालायला लागले. चाचा हळूच म्हणाले, "भाऊ, मले शक हाये. गोल होता का हा?" तुम्ही म्हणालात, "मलेबी हाये. पण अंपायरले नाही, त्याच्यात आपलं भागलं!" दोघं असे हसलात की आईनं उलथणं उगारलं. बाबा, मी नंतर कितीतरी सामने पाहिले, चांगल्या खुर्चीत बसून, मोठ्या पडद्यावर. त्या दुपारसारखी मॅच पुन्हा ऐकली नाही. त्या पिठाच्या डब्याशेजारी परत बसायला मिळावं म्हणून माझा जीव अजून तुटतो.

बाजारात फटाके वाजले. चाचा चून-भाकर खाऊन, रेडिओ बगलेत धरून निघाले. त्यांना कोपऱ्यापर्यंत पोहोचवून तुम्ही परत आलात आणि ओसरीवर सदरा काढून दोरीवर टाकलात. मी विचारलं, आता सांगा. तुम्ही बसलात.

"त्या टीमचा मले काही राग नाही. चांगले खेळते. पण त्यायची मॅच असली का माह्या दोस्ताले सगळ्यायपेक्षा जोरात टाळ्या वाजवा लागतात. म्हणून मले ती टीम आवडत नाही."

मग त्या सदऱ्याकडं न बघता म्हणालात, "असं रोज दाखवत राहणं लय थकवते, पोरी. मले माहीत हाये." तुमची आधी जाण्याची घाई, इस्त्री, खोबरेल, सगळं मला त्या एका वाक्यात कळलं. तुमच्या उमेदवारीच्या काळात हॉटेलात तुमची कपबशी वेगळी ठेवायचे, हे आईनं एकदा सांगितलं होतं. तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तुमचा सदरा मी धुवायला घेतला. आईला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून पोरगी अभ्यास टाळते आहे.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. माँट्रियलच्या ऑलिंपिकला आपण किती खाली घसरलो, गवत जाऊन मैदानावर नकली गवताचा गालिचा आला, हे तुम्हाला ऐकावं लागलं नाही ते बरंच. तुम्हाला न्यायला माणसं जमली तेव्हा चाचा भिंतीशी उभे होते. ते रडले, पण इतक्या हळू, की मी शेजारी नसते तर मला कळलंच नसतं. मला ते बरं वाटलं, बाबा. तुमच्यासाठी त्यांना कोणाला काही दाखवावं लागलं नाही.

हे सगळं आत्ता का लिहिते, तर परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावला होता. हॉकी, म्हणून गर्दी बेताची. आपण आणि पाकिस्तान. खालच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा एक मुलगा राहतो, दर्ग्याच्या उरुसाला मंगरूळला जातो म्हणून माझ्याशी गावाचं बोलतो. आपला गोल झाला आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठी टाळी त्याची. मी पडद्याकडं बघायचं सोडून त्याच्या हातांकडं बघत राहिले. मग खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. पाकिस्तानच्या एकानं सुरेख पास दिला तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "वा, काय पास दिला!" गच्चीवर दोघांतिघांनी वळून पाहिलं. म्हाताऱ्या बाईला कोण काय बोलणार? मुलगा माझ्याकडं बघून हळूच हसला आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला तर पाकिस्तानची टीम आवडत नाही ना? तुमचा नातू सांगत होता. का आवडत नाही?"

मी तोंड उघडलं, आणि मला त्याला सांगता आलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही पहिलं माझं कारणच विचाराल. हॉलंडचं, जर्मनीचं, ऑस्ट्रेलियाचं माझ्याजवळ आता माझं स्वतःचं कारण आहे, हवं तर तपासून घ्या. पण पाकिस्तानचं अजून तुमचंच वापरते आहे, बाबा. उसनं. इतकी वर्षं झाली, मला वाटत होतं, एव्हाना त्या कारणाची गरज उरणार नाही.