बाकावर आहे, पटावर नाही

तीर्थरूप मावशीस वाकून नमस्कार (परवा ट्रकच्या फळीवर झोपल्याने पाठ धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनातच वाकलो आहे). तुझे गुडघे कुरकुरत नसतील आणि काकांचा खोकला तुम्हाला झोपू देत असेल, अशी आशा.

तुझ्या धाकटीला लॅबच्या कोर्सला घालायचं तर कॉलेज बघून ये, म्हणून तू मला धाडलंस. फी सरकार भरतं म्हणजे कॉलेज चांगलंच असणार, हे तुझं म्हणणं. तर ऐक. मी फाटकाशी पोचतो (वाटेत एक जण विहिरीतून शेळीचं पिल्लू काढत होता, तिथे जरा रेंगाळलो, पिल्लू वाचलं, माझी चप्पल गेली) तोच शिपायाने माझा दंड धरला आणि उशीर केल्याबद्दल झापत मला वर्गात नेऊन बसवलं. शिस्त कडक आहे म्हणून मी खूशही झालो. पण शेजारचा न्हाव्याच्या दुकानातला निघाला आणि पलीकडचे दोघे बँडवाले, एकाच्या मांडीवर झांजा. त्यांच्याकडून कळलं की सरकारी तपासणी आहे. ज्या मुलांच्या नावाने कॉलेज फी उचलत होतं त्यातली बरीचशी जन्मालाच आलेली नव्हती, त्यांच्या जागी आम्ही. जेवण कबूल केलं होतं, म्हणून मी उठलो नाही.

तपासणीच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. प्राचार्यांनी नवेकोरे मायक्रोस्कोप दाखवले. बँडवाला झाकण न काढताच आत डोकावून ‘वा’ म्हणाला. बाई सरळ माझ्यापाशी आल्या.

“तू पटावर आहेस का रे?”

आता पट म्हणजे हजेरीचा पट, हे मला कुठून ठाऊक? मी शाळेत होतो तेव्हाही तिथे नसायचो. मला पट माहीत तो सोंगट्यांचा. मी खाली बघून खरं ते सांगितलं.

“नाही बाई, बाकावर आहे.”

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पटावरच्यांना बसायला आणि बाकीच्यांना उठायला सांगितलं. झांजांसकट अख्खा वर्ग उठला. उरल्या सहा मुली, मागच्या भिंतीशी, चिकटपट्टी लावलेल्या एका जुन्या मायक्रोस्कोपभोवती. खऱ्या तेवढ्याच. आता कॉलेज बंद होणार, आमचं काय, म्हणून त्यातली एक रडायला लागली.

तेव्हा माझं स्पष्ट मत, धाकटीला इथे मुळीच पाठवू नकोस. जेवणसुद्धा दिलं नाही.

तुझा,
एकाच चपलेचा भाचा

ता. क. बाईंनी कॉलेज बंद केलं नाही. खोटी नावं कापली, त्यांची फी परत भरायला लावली, नवे मायक्रोस्कोप त्या मुलींपुढे मांडायला लावले आणि दर महिन्याला न सांगता येईन म्हणाल्या. रडणाऱ्या मुलीने मग माझ्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेखाली दाखवला. मावशी, माझ्यात एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं गं.

आणखी एक ता. क. वरचं स्पष्ट मत खोडणार होतो, पण अक्षर फार छान आलं आहे. अशी बाई डोकावत राहणार म्हटल्यावर कॉलेजला शिकवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून तुला न विचारताच धाकटीचं नाव देऊन टाकलं. सोमवारी मुलाखत आहे. माझ्यावर ओरडायला तू येशीलच, तर तिला घेऊनच ये. मुलाखतीला पालक लागतातच.