नावेतले दगड

आबा,

तुमची नाव सापडली. यंदा धरणाचं पाणी फार खाली गेलं आणि आपल्या बुडालेल्या शेताच्या कोपऱ्यात, गाळातून तिच्या फळ्या वर आल्या. मी पोहोचले तेव्हा पोरं मोबाइल धरून तिच्याभोवती उभी होती. शिवकाळातलं जहाज आहे म्हणे, आणि आतले दगड म्हणजे तोफगोळे. मधोमध खुर्ची टाकून लाँचवाले शेठ बसले होते. आता त्यांचा बोटिंग क्लब आहे, बाहेर कणसं भाजणाऱ्यांची रांग असते. मला पाहून म्हणाले, "ये पोरी. तू शिकलेली, इतिहासाची. क्लबच्या दारात ही उभी करायचीय, बोर्डावर चार ओळी लिहून दे. जुनं काहीतरी लिही, पब्लिकला लई आवडतं." मी म्हटलं, "काका, धरणच माझ्या आईच्या लग्नानंतर भरलं." ते हसले. "कोन मोजतंय राव!" माणूस हसला की मला त्याचा आणखीच संशय येतो. या माणसाचा तर लहानपणापासून आहे.

बोर्ड लिहायला मी लगेच होकार दिला. का, ते फक्त मला माहीत होतं. मी लिहिणार होते की ही नाव डिंगोऱ्याच्या एका सुताराने बांधली, ज्याने जन्मात बैलगाडीशिवाय काही बांधलं नव्हतं. म्हणून तिला गाडीसारख्या लोखंडी पट्ट्या आहेत, आणि वळताना ती गाडीसारखीच कुरकुरायची. शीड आईने खताच्या पोत्यांचं शिवलं होतं, वारा भरला की त्यावरची अक्षरं फुगायची आणि पलीकडच्या काठावरच्या बाया ओरडायच्या, "आली गं युरियाची गाडी!" या नावेने घोडेगावच्या एसटीसाठी माणसं आणली, शेळ्या आणल्या, एकदा वरातही आणली. आणि मग, शेठची मोटरची लाँच माणसं न्यायला आली त्याच उन्हाळ्यात, ही नाव नाहीशी झाली. पाठोपाठ तुम्ही गेलात. वादळात फुटली, असं शेठ सांगत राहिले. गाव कुजबुजत राहिलं की फुटली नाही, फोडली. मी गावाचं खरं धरलं. बोर्डाच्या शेवटच्या ओळीत तेच लिहायचं होतं, त्यांच्याच दारात, त्यांच्याच खर्चाने. पदवी खरं लिहायला घेतली, असं मी स्वतःला सांगत होते.

पण पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी नसताना, मी गाळात उतरले. कुऱ्हाडीचा घाव शोधत होते. एकेक फळी हाताने चाचपली. लाकूड कुजलं होतं, पण तुटलेलं कुठेच नव्हतं. डोलकाठी उतरवून आडवी ठेवलेली, तिच्याभोवती दोराचे वेढे अजून होते. आणि दगड. दोन्ही कडांना सारख्या ओळीत, सगळ्यात मोठे मधे. वादळ असे दगड लावत नाही. वैरीही इतक्या निगुतीने लावणार नाही. एक दगड उचलला आणि तसाच परत जागेवर ठेवला, कारण ही ठेवण मला ओळखीची होती. धरणाच्या वर उरलेल्या आपल्या शेताचा बांध तुम्ही असाच रचायचात. आता संशय तुमच्यावर आला, आबा. लाँच पाहून तुम्ही हरलात आणि स्वतःच तिला बुडवलंत? आणि त्यानंतर तुम्ही गेलात, ते छातीत कळ येऊनच ना? तिथे उभ्या उभ्या मी नको नको ते सगळं मनात आणलं.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी दारातूनच विचारलं, "नाव आबांनी बुडवली?" तिने परातीवरून मान वर केली नाही. "बुडवली कशाला म्हन्तीस? पानी पाजायला ठेवली व्हती. गाडीची चाकं न्हाई का ओढ्यात ठेवायचे, लोखंडी धाव सैल हू नये म्हनून? सुतारानं तसंच सांगितलं व्हतं. उन्हानं फळ्या आकसत्यात. म्होरल्या हंगामाआधी दगड घालून पान्यात निजवायची, फुगली की काढायची. आदल्या साली तू दगड काढलास, म्हनून त्या साली लांब कोपऱ्यात नेली. त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. काढायचं कोनी? वरून पाऊस आला, पानी चढलं."

दगड काढल्याबद्दल तुम्ही माझ्यावर ओरडला होता, आबा, ते मला आठवतं. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे आहात, माझ्या हातात एक गुळगुळीत दगड आहे, आणि तुम्ही म्हणताय, "ठेव तो. तहान लागलीय तिला." मला वाटायचं ती थट्टा होती.

"तुला माहीत होतं," मी आईला म्हटलं, "मग गाव त्या माणसाला नावं ठेवत होतं तेव्हा तू बोलली का नाहीस?" तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तू त्याच्यावरच्या रागानं शिकत व्हतीस. पाटी घेऊन बसलीस की म्हनायचीस, शिकून दाखवीन त्या लाँचवाल्याला. म्हटलं असू दे. त्याचं काय बिघडतंय? त्याची लाँच चाललीय." मग भाकरी उलटत, "पोरगी चालली पायजे व्हती."

तेव्हापासून मी आईकडेही जरा जपूनच बघते. आणखी काय काय तिने असं पाण्यात निजवून ठेवलं असेल?

बोर्ड मी लिहिला. सुतार, पोती, वरात, सगळं. शेवटची ओळ अशी: ही नाव फुटली नाही, पुढच्या हंगामासाठी भिजत ठेवली होती. शेठनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "मला वाटत व्हतं तुझ्या बानं माझ्या रागानं फोडली. लई वर्सं मनात व्हतं, म्हनून लोकांना वादळाचं सांगत ऱ्हायलो." त्यांनी चहा मागवला. मी काम आहे म्हणून निघाले.

हे पत्र नावेत ठेवावं असं वाटलं होतं, पण उद्या क्रेन येणार आणि कुणीतरी उघडून वाचणार. म्हणून ते माझ्याकडेच राहील. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते. खरं कळलं तेव्हा मला आधी तुमचं वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं जपलेला वैरी हातचा गेला, त्याचं वाटलं. तो चहा मला अजूनही प्यावासा वाटत नाही.